आगमनकाळ आणि विल्टशरच्या पाद्र्याचे मराठी पुराण

नोव्हेंबर संपत आला की इथल्या दुकानांतून चोवीस खिडक्यांची चॉकलेटची कॅलेंडरे मांडली जातात. रोज एक खिडकी उघडायची, चॉकलेट खायचे, शेवटची उघडली की दुसऱ्या दिवशी नाताळ. आपल्या मुलांना हे शाळेतूनच कळते आणि मग घरात त्याची मागणी होते. पण ही वाट नेमकी कोणाची पाहायची असते, असे मुलाने विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना "येशूच्या वाढदिवसाची" यापलीकडे फारसे सांगता येत नाही. म्हणून हा थोडा इतिहास. त्यात आपल्या मराठीचा वाटा किती मोठा आहे, हे वाचून काहींना नवल वाटेल.

अ‍ॅडव्हेंट हा शब्द लॅटिन, अर्थ 'येणे'. वसईचे आपले कॅथलिक बांधव त्याला आगमनकाळ म्हणतात. तो एक डिसेंबरलाच सुरू होतो असे नाही. 30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी सुरू होतो आणि नाताळापूर्वीचे चार रविवार त्यात येतात. चर्चमध्ये त्या दिवसांत जांभळी वस्त्रे असतात, कारण हा काळ मूळचा मौजेचा नव्हे, तयारीचा आणि आत्मपरीक्षणाचा आहे. आपल्या चातुर्मासाची आठवण व्हावी असा. आणि वाट पाहायची ती केवळ बेथलेहेमच्या बाळाची नाही. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे येणे तीन आहेत: एक झाले ते, एक रोज मनुष्याच्या अंतःकरणात होते ते, आणि एक शेवटी व्हायचे आहे ते, जेव्हा देवाचे राज्य पूर्णत्वाने येईल. त्या राज्याचा दाखला येशू मोहरीच्या दाण्याचा देतो. पेरला आहे, उगवतो आहे, पण झाड अजून व्हायचे आहे.

आता हा विषय मराठीत विस्ताराने पहिल्यांदा कोणी मांडला? एका इंग्रजाने. स्विंडनच्या नैऋत्येला, वुटन बॅसेटजवळ, बुश्टन नावाचे खेडे आहे. तिथे 1549 च्या सुमारास थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला. तेच आपले फादर स्टीफन्स, 'ख्रिस्तपुराण'कर्ते. मराठी भाषेच्या थोरवीच्या त्यांच्या ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केल्या असतील. पुस्तकात मात्र त्या चार ओव्यांपलीकडे काही नसे, आणि गुरुजीही पुढे जात नसत.

स्टीफन्स कॅथलिक होते आणि राणी एलिझाबेथच्या इंग्लंडात कॅथलिक असणे धोक्याचे होते. त्यांच्याबरोबर देश सोडू पाहणारा मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याने आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत काढली. स्टीफन्स निसटले, रोमला जाऊन 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाले, एप्रिल 1579 मध्ये लिस्बनहून जहाजावर चढले आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरले. दोन वर्षांनी, 1 डिसेंबर 1581 रोजी, म्हणजे ऐन आगमनकाळाच्या तोंडावर, लंडनला आजच्या मार्बल आर्चपाशी एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला फाशी देऊन त्याचे तुकडे करण्यात आले. स्टीफन्स मायदेशी परतते तर त्यांचीही गत बहुधा तीच झाली असती.

परंतु ज्या साष्टीत त्यांनी पुढची जवळजवळ चाळीस वर्षे काढली, तिथे काय चालले होते? तिथे सक्ती करणारे कॅथलिक होते. साष्टीतली देवळे 1560 च्या दशकात पाडली गेली होती. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही दैवते नदीपलीकडे फोंड्याकडे नेऊन लपवावी लागली. आपल्या मंडळातल्या कित्येक घराण्यांची ही कुलदैवते आहेत. 1583 मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी तिथल्या गावकर पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावून मारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्सनी भावाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. मेलेल्या सोबत्यांची हकीकत त्यात आहे आणि इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे, हे निरीक्षणही आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात या पत्राचे नाव घेतात. धर्मासाठी ज्याला स्वतःचा देश सुटला तो मनुष्य दुसऱ्यांच्या देवळांच्या ढिगाऱ्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत काम करीत होता, हे आपण विसरू नये. ख्रिस्तपुराणाचे कौतुक करताना आपले लेखक हे सहसा गाळतात. ते बरोबर नाही.

विशेष म्हणजे ख्रिस्तपुराण स्वतः ते गाळत नाही. ग्रंथाच्या आरंभीच नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे का देत नाही? मन कशात रमवावे? सगळा ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा राहतो. पाद्री सांगतो, श्रोते मधेमधे शंका काढतात, अगदी आपल्या पुराणिकाच्या पद्धतीने. 1616 मध्ये रायतूरला तो छापला गेला तेव्हा एकनाथांना जाऊन 17 वर्षे झाली होती आणि तुकोबा लहान मूल होते. ओव्या सुमारे अकरा हजार, अवस्वर म्हणजे अध्याय 95.

यातले पहिले पुराण 36 अध्यायांचे आहे आणि माझ्या मते आगमनकाळाचे खरे मराठी पुस्तक तेच. त्यात ख्रिस्त जन्मतच नाही! सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा, त्यांचे पतन, तारक पाठवीन हे देवाचे वचन, मग नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे येतात, वाट पाहतात आणि मरतात. ग्रंथाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग निव्वळ वाट पाहण्यात जातो. नाताळची कथा सांगायला घेऊन इतका उशीर करणारा कवी धीराचाच म्हणायचा. पण ज्यांचे देव, ग्रंथ आणि सण काढून घेतले गेले होते, त्या श्रोत्यांना परक्या राजाखाली दिवस काढणाऱ्या इस्राएल लोकांची ही कथा कशी ऐकू आली असेल? बाबेलच्या बंदिवासाची गोष्ट साष्टीतल्या माणसाला समजावून सांगावी लागली नसेल.

राज्याचे म्हणाल तर स्टीफन्सनी स्वर्गाला सरळ 'वैकुंठ' म्हटले आहे. देऊळ पाडणाऱ्यांच्या छावणीतला पाद्री विष्णूच्या लोकाचे नाव ठेवून घेतो, कारण त्यावाचून ओवी मराठी झाली नसती आणि ऐकणाऱ्याच्या मनात काही उमटले नसते.

ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. देवनागरीचे खिळे गोव्यात नव्हते. 1608 मध्ये स्टीफन्सनी वरिष्ठांना लिहिले होते, की जोडाक्षरांसह सहाशे साचे लागतात, ते दोनशेवर आणता येतील. ते झाले नाही. आणखी दोन आवृत्त्या 1649 आणि 1654 मध्ये निघाल्या. मग 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखिते मात्र घराघरांतून राहिली, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, आणि त्यांवरून जोसेफ साल्डाना यांनी 1907 मध्ये मंगळूरला चौथी आवृत्ती काढली. मधे 253 वर्षे गेली. परमुलखात जाऊन भाषा सांभाळणाऱ्या कुटुंबांची ही कामगिरी आपण इथे जरा लक्षात घ्यावी.

देवनागरीतली प्रत सापडली ती चक्क लंडनमध्ये. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून ती स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजकडे (आजचे सोआस, रसेल स्क्वेअर) आली होती, आणि 1920 च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी ती उजेडात आणली. त्यांना ही मूळ प्रत वाटली. नंतरच्या अभ्यासकांत यावर एकमत नाही. तिच्यातले शब्द अधिक संस्कृत वळणाचे आहेत.

देवाच्या राज्यासाठी मराठीने पुढे आणखी एक शब्द दिला. 12 डिसेंबर 1911 रोजी, तोही आगमनकाळच, पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार भरला. सहा वर्षांनी, 1917 मध्ये, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात एकत्र बसू शकत होते, आणि वर परदेशी मिशनचे छत्र नव्हते. शब्द त्यांनी दिल्लीवरून घेतला की पंढरीच्या विठोबाच्या दरबारावरून, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. स्टीफन्सच्या साष्टीत देवाचे राज्य आणि पोर्तुगालचे राज्य एकाच गलबतातून उतरले होते. टिळकांनी ती दोन वेगळी केली. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले, तेव्हा दरबाराला पुरी दोन वर्षेही झाली नव्हती.