गिरणीतल्या मोटारी

जुनी राजेशाही मोटार पुन्हा चालती करणे हा धनिकांचा षौक. कामगार चळवळीतल्या माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. आम्हीही तसेच समजत होतो. परंतु फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील म्यूलूझ शहराची हकीकत वाचनात आली आणि आमचा तो समज गेला.

हान्स व फ्रिट्झ श्लुम्फ हे बंधू तेथले लोकरी सुताच्या गिरण्यांचे मालक. धाकट्या फ्रिट्झला बुगाटी मोटारींचे वेड. १९६४ साली अमेरिकेतील एका संग्राहकाच्या तीस गाड्या त्याने एकदम उचलल्या. म्यूलूझच्या एका गिरणीत, बाहेर पत्ता लागू न देता, सुतार, जिनगर, पत्रेकाम करणारे आणि यंत्रकामगार गाड्या दुरुस्त करीत.

हे काम वरवरच्या रंगरंगोटीचे नव्हे. त्या काळच्या गाडीचा डौलदार पत्रा बहुधा आतल्या लाकडी सांगाड्यावर बसविलेला असे. लाकूड कुजले की पत्रा शाबूत असूनही व्यर्थ. तो उतरवून, नवे लाकूड त्याच वळणात तासून, पुन्हा चढवावा लागतो. बेअरिंगांत पांढरा धातू नव्याने ओतून हाताने घासावा लागतो. सुटा भाग बाजारात नसतो, तो घडवावा लागतो. त्यातून बुगाटी 'रॉयाल' म्हणजे १२.७ लिटरचे इंजिन, आणि अशा गाड्या जगात झाल्या अवघ्या सहा! त्यांतल्या दोन श्लुम्फांकडे होत्या. असल्या कामाला लागतो तो कसबी हात, आणि तो पगारी माणसाचा असतो, हे सांगावयास नकोच.

पुढे वस्त्रधंद्यात मंदी आली. १९७६ साली कामगारांचा क्षोभ उसळला तेव्हा मालक स्वित्झर्लंडला निघून गेले. ७ मार्च १९७७ रोजी कामगार म्यूलूझच्या त्या गिरणीत शिरले, तो आत चारशेंहून अधिक मोटारी! आपली नोकरी का गेली याचा हिशेब समोर ओळीने मांडलेला. रागाच्या भरात एक ऑस्टिन जाळली गेली. ते योग्य झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण तो राग आम्हांला कळतो. एवढे मात्र खरे, की बाकीचा संग्रह युनियनने सुमारे दोन वर्षे ताब्यात ठेवला आणि 'कामगारांचा कारखाना' हे नाव देऊन लोकांना पाहावयास खुला केला.

१९७८ साली फ्रेंच सरकारने संग्रहाला ऐतिहासिक ठेव्याचा दर्जा दिला, त्यामुळे त्याची फुटकळ विक्री टळली. १९८२ साली त्याच गिरणीत राष्ट्रीय संग्रहालय उघडले. त्या दोन्ही 'रॉयाल' तेथे आहेत.