अद्भुतरम्य कादंबरी, मराठी
अद्भुत व असंभाव्य घटनांवर आधारलेला मराठी कादंबरीचा एक आद्य प्रकार. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या मुक्तामाला (१८६१) या कादंबरीपासून तो रूढ झाला. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना १८४०) यासारख्या संस्थांमुळे वाचकवर्ग घडत असतानाचा हा काळ होय.

केवळ करमणुकीच्या हौसेतून हा प्रकार निपजला, असे मानणे अपुरे ठरेल. नारो सदाशिव रिसबूड यांनी मंजुघोषा (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिलेले कारण मार्मिक आहे : विवाहाच्या रूढींमुळे व इतर कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात कादंबरीला पुरतील असे वेधक गुणही आढळत नाहीत आणि दोषही नाहीत. बालविवाहाच्या समाजात तरुण नायक-नायिकांच्या अनुरागाला कल्पिताखेरीज जागाच नव्हती. हे विधान कादंबरीपेक्षा समाजाविषयीच अधिक सांगते.

काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या नावल व नाटक ह्यांविषयी निबंध (१८७२) या लेखनाने अशा कादंबऱ्यांच्या चिकित्सेस आरंभ झाला. ह. ना. आपटे यांच्यानंतर टीकाकारांची दृष्टी वास्तवाकडे वळली. वाचकांची मात्र पूर्णपणे वळली नाही. नाथमाधव यांची वीरधवल (१९१३) अत्यंत लोकप्रिय ठरली. पुढे नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भय-गूढकथांनाही वाचक उदंड लाभले. समीक्षेने त्यांची दखल तुटपुंजीच घेतली.