जुन्या फोनवर लिनक्स : प्रस्तावना

कंपनीने सुरक्षा-अपडेट पाठवणे थांबवले की ठणठणीत चालणारा अँड्रॉइड फोनही कालबाह्य ठरतो. असे का होते आणि त्याच फोनवर लिनक्सची दुसरी कार्यप्रणाली बसवून त्याचे आयुष्य वाढवता येईल का, या प्रश्नांतून ही अभ्यासशाखा उभी राहिली. ती अजून तरुण आहे, म्हणून नवख्या अभ्यासकालाही तिच्यात खरी भर घालता येते. अशा वाचकाचे इथे मनापासून स्वागत आहे.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, असतो. चिप बनवणारी कंपनी त्याची एक आवृत्ती उचलते, स्वतःचे ड्रायव्हर जोडते. फोन बनवणारी कंपनी त्यावर आणखी फेरफार करते. हे बदल लिनक्सच्या मुख्य कर्नेलकडे बहुधा परतत नाहीत, आणि फोन त्या आवृत्तीत अडकतो. २०१३ चा नेक्सस ५ कर्नेल ३.४ घेऊन आला. अँड्रॉइड ६ पर्यंत पोहोचला तरी कर्नेल तोच राहिला.

यातून निघण्याच्या वाटा दोन. पहिल्या वाटेने कंपनीचाच कर्नेल आणि ड्रायव्हर ठेवून, हॅलियम आणि लिबहायब्रिस या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यांच्यावर लिनक्स चालवतात. उबुंटू टचची बरीचशी भिस्त हिच्यावर आहे. कॅनॉनिकल कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलेली ही प्रणाली २०१७ मध्ये सोडून दिली, तेव्हा यूबीपोर्ट्स समुदायाच्या स्वयंसेवकांनी ती सांभाळली. कॅमेरा आणि कॉल इथे तुलनेने लवकर चालू लागतात. जुना कर्नेल मात्र तसाच राहतो.

दुसरी वाट कष्टाची आहे, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. २०१७ मध्ये ऑलिव्हर स्मिथ यांनी अल्पाइन लिनक्सच्या पायावर पोस्टमार्केटओएस सुरू केले. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे आणि शक्य तिथे त्यावर मुख्य कर्नेल चालावा, हा त्याचा हेतू. डेस्कटॉपवर यूएसबीला किंवा पीसीआयला जोडलेले उपकरण स्वतःची ओळख देते. फोनमधले बहुतेक भाग असे बोलत नाहीत. टचस्क्रीनचा नियंत्रक कोणत्या बसवर, कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला वीज कोठून मिळते, हे सगळे कर्नेलला ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वर्णनातून सांगावे लागते. तेच लिहिता लिहिता यंत्र कळू लागते. स्नॅपड्रॅगन ८४५ चिपचा वनप्लस ६ या वाटेने बराच पुढे आला आहे. कॅमेरा मात्र इथे सहसा शेवटपर्यंत छळतो, आणि मॉडेमचे फर्मवेअर दोन्ही वाटांवर बंदिस्तच राहते.

आपल्याकडे एक अडचण आणखी. जिओच्या जाळ्यात २जी-३जी नसल्याने व्होल्टीशिवाय, म्हणजे ४जी जाळ्यावरून कॉल करण्याच्या सोयीशिवाय, साधा कॉलही लागत नाही, आणि या प्रणालींवर व्होल्टी अजून सगळ्या फोनांत चालत नाही. बँकेची, यूपीआयची ॲप चालतील हेही गृहीत धरू नये. म्हणून रोजचा फोन बाजूला ठेवून दुसऱ्याच फोनवर हात बसवावा.

फोन निवडण्याआधी त्याचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कार्यप्रणाली चढवणारा प्रोग्राम, उघडता येतो का, हे पाहावे. उघडताना सहसा सगळा डेटा पुसला जातो, म्हणून त्याची प्रत आधीच काढावी. फोनचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय, ज्या विभाजनांत असतो त्यांचीही, जमेल तितक्या लवकर. आणि टचस्क्रीन किंवा आवाज चालू झाला, की ते डिव्हाइस ट्रीचे वर्णन स्वतःजवळ ठेवू नका. मुख्य कर्नेलकडे पाठवा. तिथे ते स्वीकारले गेले, तर तोच फोन बाळगणाऱ्या पुढच्या माणसाला हे काम पुन्हा करावे लागणार नाही.