कुर्ल्याच्या फियाटचे पुढचे आणि मागचे ड्रम

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, दशकानुदशके चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन धावली. अशा जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांना आता मागचे ड्रम काढून तिथे डिस्क बसवण्याची ओढ लागते. अमेरिकेतल्या जुन्या मसल कारमध्ये तर हा बदल सर्रास होतो. त्यामागची समजूत अशी की ड्रम म्हणजे मागासलेपण आणि डिस्क म्हणजे सुधारणा. मला ही समजूत अर्धीच खरी वाटते. पुढच्या चाकांवरचा ड्रम आपल्याकडे टिकला तो बंदिस्त बाजारामुळे. मागच्या चाकांवरचा ड्रम जगभर टिकला तो त्याच्या अंगच्या गुणांमुळे. या दोन गोष्टींची गल्लत केली की खर्च भलत्याच चाकावर होतो.

आधी पुढच्या चाकांचे पाहू. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले ते 1902 मध्ये, आणि फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांचा ड्रम ब्रेक आला तोही त्याच वर्षी. डिस्कचा खरा बोलबाला झाला 1953 मध्ये, डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. कारण साधे आहे. डिस्क उघड्या हवेत फिरते आणि लवकर निवते. ड्रम बंद असतो. तापला की फुगून शूपासून दूर सरकतो, लायनरची पकड घटते आणि पेडल कितीही दाबले तरी गाडी हवी तशी थांबत नाही. बोरघाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनावर गाडी रोखण्याची शिस्त याच भीतीतून आली. खुद्द फियाटने इटलीत 1966 मध्ये 1100 आर या मॉडेलला पुढे डिस्क दिल्या. कुर्ल्याची गाडी मात्र 1962 च्या 1100 डी याच साच्यातली राहिली. हे ज्ञानाच्या अभावामुळे झाले असे म्हणणे कुर्ल्याच्या अभियंत्यांवर अन्याय करणारे आहे. 1951 च्या उद्योग कायद्याने उत्पादन परवान्याला बांधले गेले होते, 1954 मध्ये जनरल मोटर्सने शिवडीतली जुळणी बंद केली होती आणि ग्राहक नाव नोंदवून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहत होता. आहे तीच गाडी हातोहात जात असताना ब्रेक सुधारण्यासाठी नवा खर्च करायला कारखान्याला कारणच उरले नव्हते.

मागच्या चाकांची गोष्ट वेगळी आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांवर येते. मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरकस असेल तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणजे मागे हवा असतो तो बेताचा, भरवशाचा ब्रेक. ड्रमचा एक शू फिरत्या चाकाच्या ओढीनेच अधिक घट्ट बसतो, त्यामुळे थोड्या दाबात काम होते. हँडब्रेकची केबलही त्याच शूंना सहज जोडता येते. म्हणूनच 1100 आरच्या मागे ड्रमच राहिले. त्याच वर्षीच्या फियाट 124 ला चारही डिस्क होत्या, पण 1970 मध्ये तीच गाडी सोव्हिएत रशियात बनू लागली तेव्हा तिथल्या चिखलाच्या रस्त्यांसाठी मागे मुद्दाम ड्रम बसवले गेले. फोक्सवॅगनच्या आयडी 3 या आजच्या विजेवरच्या गाडीलाही मागे ड्रमच आहेत.

यावर पहिला आक्षेप पावसाळ्याचा. ड्रममध्ये पाणी शिरले की ब्रेक काही काळ लागत नाही, आणि मुंबईत तर रस्तेच्या रस्ते तुंबतात. आक्षेप खरा आहे, पण तो पुढच्या ड्रमला अधिक लागू पडतो, कारण भार तिथे असतो. पुढे डिस्क असली तर मागचा ओला ड्रम हलका ब्रेक दाबत वाळवून घेता येतो. दुसरा आक्षेप असा की मसल कारला चारही डिस्क शोभतात, मग आपल्या गाडीला का नाहीत? 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओला प्रचंड इंजिन आणि चारही ड्रम होते; तिथे ब्रेक ताकदीला अपुरे पडत, आणि भरधाव वेगातून पुन्हा पुन्हा थांबायचे तर मागच्या डिस्कलाही अर्थ आहे. 1089 सीसीच्या पद्मिनीत ती गरजच निर्माण होत नाही. उलट मागे डिस्क बसवायची म्हणजे पुढचा-मागचा दाब नव्याने जुळवणे, मास्टर सिलिंडर तपासणे आणि हँडब्रेकची वेगळी सोय करणे आले. त्यातले काही चुकले तर आधीपेक्षा धोकादायक गाडी हाती येते.

तिसरा आक्षेप अस्सलपणाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांना व्हिंटेज मानले. त्याआधी जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव केला. मग पुढचा ड्रम तरी का काढावा? प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीचा काढूच नये. तो परवाना राजचा पुरावा आहे आणि पुरावा जपायचा असतो. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी मात्र आरटीओची रीतसर परवानगी घेऊन पुढे डिस्क बसवणे मला समर्थनीय वाटते, कारण 1966 मध्ये फियाटने केलेली आणि आपल्यापर्यंत न पोहोचलेली सुधारणाच त्यातून पुरी होते. मागच्या ड्रमला चांगले लायनर, न गळणारे व्हील सिलिंडर आणि वेळच्या वेळी जुळवणी एवढे मिळाले तरी पुरे. जुनी गाडी सुधारायची तर तिच्यातली कोणती उणीव काळाने लादली आणि कोणती गोष्ट विचारपूर्वक ठेवली गेली, हे आधी ओळखले पाहिजे.