कणव आणि परवाना

माणसाने माणसाला वाहून नेऊ नये, असे नागपुरात सायकलरिक्षात बसताना मलाही वाटे. न्यायालयांचे निकाल वाचले आणि मत बदलले. पंजाबच्या १९७५ च्या कायद्याने परवाना फक्त स्वतःची रिक्षा चालवणाऱ्यालाच ठेवला. हेतू भाडेखाऊ मालकांना हटवण्याचा; पण चालकाने रिक्षा घ्यायची कशी? १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी बँककर्जाची वाट काढून दिली. दिल्लीतही तीच अट होती, वर ९९,००० परवान्यांची मर्यादा. मोटारींना मात्र अशी मर्यादा नव्हती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने अट आणि मर्यादा दोन्ही रद्द केल्या. कणवेपोटी रिक्षाच काढून घेतली, तर चालकाने खावे काय? त्याला दया नको, रस्त्यावर जागा हवी.