नागरिकत्वाची किंमत : फ्रेंच प्रजासत्ताक आणि अल्जीरियाचे मुसलमान

#धागा

पाश्चात्त्य लोकशाही आणि इस्लाम यांच्या संबंधांची चर्चा बहुधा बुरखा, व्यंगचित्रे किंवा स्थलांतरित यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इस्लामला लोकशाही मानवते का, हा प्रश्न त्यात ठरलेला. आज आपण तो उलटा करून पाहू. एका प्रजासत्ताकाला आपल्या मुसलमान प्रजेशी लोकशाहीने वागण्याची जवळजवळ नव्वद वर्षे संधी होती. त्या संधीचे काय झाले?

५ जुलै १८३० रोजी अल्जियर्स फ्रेंच सेनेच्या स्वाधीन झाले. रहिवाशांचा धर्म, मालमत्ता आणि व्यापार यांना धक्का लागणार नाही, असे सेनापती बूर्मों याने शरणागतीच्या करारात लिहून दिले होते. दोनच वर्षांत शहरातील केचावा मशीद ताब्यात घेऊन तिचे चर्च करण्यात आले. वक्फच्या मिळकतीही सरकारजमा होत गेल्या. (ही मिळकत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) १८४८ मध्ये अल्जीरिया ही वसाहत नसून फ्रान्सचाच भाग असल्याचे जाहीर झाले आणि तिचे तीन जिल्हे पाडण्यात आले.

भूमी फ्रान्सची झाली, मग माणसे कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १४ जुलै १८६५ च्या कायद्याने दिले. अल्जीरियातील मुसलमान हा फ्रेंच आहे. परंतु विवाह, घटस्फोट, वारसा या बाबतींत त्याला इस्लामी कायदाच लागू राहील आणि म्हणून तो नागरिक नाही. नागरिकत्व हवे असेल तर त्याने अर्ज करावा आणि हा व्यक्तिगत कायदा सोडून द्यावा. म्हणजे राष्ट्रीयत्व एक, नागरिकत्व दुसरे. व्यक्तिगत कायद्याचा वाद भारतीय वाचकाला नवा नाही. पण आपल्याकडे त्याचा संबंध मताधिकाराशी जोडला गेलेला नाही, हा फरक ध्यानात घ्यावा. बहुसंख्य मुसलमानांना ही अट धर्मत्यागासारखी वाटली. ज्यांना ती तशी वाटली नाही, त्यांचे अर्ज कचेऱ्यांत अडकत. अनेक दशके अर्जदार मूठभरच राहिले.

१८७० मध्ये साम्राज्य कोसळले आणि प्रजासत्ताक आले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरच्या क्रेमियो हुकुमाने अल्जीरियातील सुमारे ३५ हजार ज्यूंना एका फटक्यात नागरिक करण्यात आले. त्यांचाही स्वतंत्र व्यक्तिगत कायदा होता. तो सरकारने परस्पर रद्द केला, कोणाकडूनही अर्ज मागितला नाही. १८८९ च्या कायद्याने स्पॅनिश, इटालियन, माल्टी वसाहतकऱ्यांची तेथे जन्मलेली मुलेही फ्रेंच झाली. मुसलमानांच्या वाट्याला आली ती १८८१ ची ‘देशी लोकांची संहिता’. परवान्याशिवाय प्रवास, परवानगीविना जमाव, अधिकाऱ्याचा अनादर, असे ‘गुन्हे’ तिच्यात होते. ते फक्त देशी माणूसच करू शकत असे आणि त्यांची शिक्षा न्यायालयाऐवजी प्रशासक देत असे.

आता या धाग्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा दाखला. एखादा अल्जीरियन मुसलमान कॅथलिक झाला तर तो कोण? १९०३ मध्ये अल्जियर्सच्या अपील न्यायालयाने सांगितले की ‘मुसलमान’ हा शब्द निव्वळ धर्मवाचक नाही. मुस्लिम मूळ असलेला आणि नागरिकत्व न मिळालेला प्रत्येक जण, त्याची श्रद्धा कोणतीही असो, कायद्याच्या दृष्टीने मुसलमानच. धर्म बदलता येत होता. मुसलमान असणे मात्र सुटत नव्हते. धर्माच्या नावाखाली वंशच मोजला जात होता, याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

१९०५ मध्ये फ्रान्सने धर्म आणि राज्य विभक्त करणारा प्रसिद्ध कायदा केला. १९०७ च्या हुकुमाने तो अल्जीरियालाही लागू झाला, पण एका पळवाटेसह : गव्हर्नर जनरलला धर्मसेवकांना तात्पुरते भत्ते देता येतील. हे ‘तात्पुरते’ पुन्हा पुन्हा वाढवले गेले. वक्फ सरकारने गिळलेले असल्याने इमामांचा पगार सरकारी, अर्थात त्यांची निवडही सरकारी. १९३३ मध्ये तर स्वतंत्र उलेमांना अधिकृत मशिदींत प्रवचन करण्यास मनाई झाली. गंमत अशी की धर्म आणि राज्य वेगळे करा, ही मागणी तेव्हा अब्दुलहमीद बेन बादिस यांची उलेमा संघटना करत होती आणि धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताक तिला नकार देत होते.

दरम्यान पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी सुमारे २५ हजार अल्जीरियन मुसलमान मारले गेले. १९२६ मध्ये पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्ष दूमेर्ग यांच्या उपस्थितीत भव्य मशिदीचे उद्घाटन झाले. मत मात्र मिळाले नाही. १९१९ च्या कायद्याने काही जणांना स्थानिक निवडणुकांपुरता हक्क दिला, इतकेच.

इस्लामी कायदा आणि फ्रेंच नागरिकत्व एकत्र नांदूच शकत नव्हते, असे कोणी म्हणेल. सेनेगलकडे पाहावे. तेथील चार नगरांच्या मुसलमान रहिवाशांना १९१६ मध्ये व्यक्तिगत कायदा न सोडता नागरिकत्व मिळाले. ती नगरे लहान होती. त्यांच्या मतांनी कोणाचे आसन डळमळणार नव्हते. अल्जीरियात १९५४ च्या सुमारास दहा लाख युरोपीयांसमोर ऐंशी लाखांहून अधिक मुसलमान होते. माझ्या मते खरी अडचण कुराणाची नव्हती, गणिताची होती.

१९३६ मध्ये ब्लूम-व्हिओलेत विधेयक आले. पदवीधर, सैनिकी अधिकारी, पदकप्राप्त अशा वीस-पंचवीस हजार मुसलमानांना धर्म आणि कायदा राखून नागरिकत्व द्यावे, एवढीच त्याची झेप. सेतिफचे औषधविक्रेते फरहात अब्बास यांनी त्याच वर्षी लिहिले होते की आपण इतिहास धुंडाळला, स्मशाने पालथी घातली, अल्जीरियन राष्ट्र कुठे सापडले नाही. बेन बादिस यांनी त्यांना ठणकावले की ते राष्ट्र आहे आणि ते फ्रान्स नव्हे. तरीही विधेयकाच्या बाजूने दोघांचे गट एकाच परिषदेत बसले, हे आज विसरले जाते. युरोपीय महापौरांनी सामूहिक राजीनाम्याची धमकी दिली. विधेयक सभागृहात चर्चेलाही आले नाही.

८ मे १९४५, युरोपातील विजयाचा दिवस. सेतिफमध्ये मिरवणुकीत अल्जीरियन ध्वज दिसला आणि गोळीबार झाला. उसळलेल्या हिंसेत सुमारे शंभर युरोपीय मारले गेले. सूड म्हणून हजारो मुसलमान. १९४७ ची नवी विधानसभा १२० जणांची : साठ जागा मुख्यतः युरोपीयांच्या, साठ उरलेल्यांच्या. त्यातही पुढच्याच वर्षीची निवडणूक सरकारनेच लबाडीने जिंकली.

खरा एकमत-एकमूल्य मताधिकार आला तो १९५८ मध्ये, युद्ध चार वर्षे पेटलेले असताना. मुसलमान स्त्रियांनाही तेव्हाच मत मिळाले. शिवाय नव्या संविधानाने व्यक्तिगत कायदा राखून नागरिक राहण्याची मुभा दिली. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते एका वर्षात झाले. त्याच सप्टेंबरमध्ये कैरोत अल्जीरियाचे हंगामी निर्वासित सरकार स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष होते फरहात अब्बास.

५ जुलै १९६२ ला स्वातंत्र्य. त्यानंतर २१ जुलैच्या फ्रेंच अध्यादेशाने १८६५ ची रेघ पुन्हा ओढली. युरोपीय वंशाचे आणि ज्यू आपोआप फ्रेंच राहिले. मुसलमानांना, फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या हार्कींनाही, फ्रान्समध्ये येऊन वेगळे निवेदन द्यावे लागले. आणि स्वतंत्र अल्जीरियाने १९६३ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात मूळ अल्जीरियन कोण, याची व्याख्या करताना पित्याच्या बाजूचे दोन पूर्वज ‘मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखालील’ असावेत, अशी अट घातली. फ्रेंच कारकुनांनी केलेली वर्गवारी नव्या राज्याने जशीच्या तशी उचलली होती.