छोट्या ट्रॅक्टरला बर्फ हटवणारं पातं कसं बसवतात? खरी गोम आहे वजनात!

हिवाळ्यात अमेरिका-कॅनडातले रील्स पाहताना हे दृश्य तुम्हाला दिसलं असेल: घरासमोर गुडघाभर बर्फ साचलाय आणि एक छोटासा ट्रॅक्टर तो ढकलत वाट मोकळी करतोय. पुढच्या त्या वाकड्या पात्याला 'स्नो प्लाऊ' म्हणतात. प्लाऊ म्हणजे नांगर, पण हा नांगर माती उकरत नाही, फक्त बर्फ बाजूला सारतो.

हे कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर साधारण २० ते ४० हॉर्सपॉवरचे असतात. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ हटवायचा. आपली महिंद्राही १९९४ पासून अमेरिकेच्या या बाजारात आहे.

पातं बसवतात कुठे?

त्याचे तीन प्रकार आहेत.

१. मागे, थ्री पॉइंट लिंकेजला: सगळ्यात स्वस्त. पण मान सतत मागे वळवावी लागते आणि बर्फ आधी टायरखाली दाबला जातो.

२. पुढच्या लोडरला: बकेट काढून तिथे पातं अडकवायचं. बर्फ उंच ढीग करून रचता येतो. पण लोडरचे हात उचलण्यासाठी बनवलेले असतात. तिरकं पातं एका टोकाला आदळलं तर ते पिळवटू शकतात.

३. ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या फ्रेमला: धक्का थेट सांगाड्यावर जातो, म्हणून सगळ्यात मजबूत. खर्च मात्र जास्त.

किती रुंद पातं घ्यायचं?

पातं तिरकं केलं की त्याची रुंदी कमी होते. ६ फुटांचं पातं ३० अंशात वळवलं तर जेमतेम ५.२ फूट वाट साफ होते. ही रुंदी दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा जास्त हवी, नाहीतर ट्रॅक्टर स्वतःच बर्फ तुडवत जातो.

फार मोठं पातंही नको. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, पण ओला, दाबलेला बर्फ ३०० किलोच्याही वर जातो.

स्प्रिंग कशासाठी?

बर्फाखाली दगड, गटाराचं झाकण, फुटपाथची कड लपलेली असते. पातं अडकलं की स्प्रिंगमुळे ते पुढे झुकतं आणि अडथळा ओलांडून परत उभं राहतं. स्प्रिंग नसेल तर तोच धक्का ट्रॅक्टरला आणि चालवणाऱ्याला बसतो. खडीच्या वाटेवर पात्याखाली छोटे लोखंडी पाय लावतात, म्हणजे पातं थोडं वर राहतं आणि खडी खरवडली जात नाही.

आता मुख्य मुद्दा: मागचं वजन

पुढे जड पातं उचललं की पुढचा आस टेकूसारखा होतो आणि मागची चाकं हलकी पडतात. बहुतेक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. म्हणजे बर्फाळ उतारावर ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर घसरतच जाऊ शकतो!

म्हणून मागे वजनाची पेटी लावतात, टायरांना साखळ्या बांधतात आणि फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवतात. आपल्याकडे शेतकरी मागच्या टायरात पाणी भरतात, तीच युक्ती तिथेही चालते. पण साधं पाणी गोठतं, म्हणून तिथे न गोठणारं द्रावण भरतात. त्यासाठी चक्क बीटच्या रसापासून बनवलेलं द्रवही मिळतं!

हे विसरू नका

- बर्फ पडण्याआधी वाटेच्या कडेला काठ्या रोवून खुणा करा.
- वेग कमी ठेवा आणि पातं उचललेलं असताना वळणं हळू घ्या.
- डोक्यावरची संरक्षक कमान उभी असेल तर सीट बेल्ट लावाच. ट्रॅक्टर उलटला तर दोन्ही मिळूनच जीव वाचवतात.
- उतरण्याआधी पातं जमिनीवर टेकवा आणि इंजिन बंद करा.

पुढच्या वेळी असा रील दिसला, तर आधी ट्रॅक्टरच्या मागे काय लटकतंय ते बघा. मागे काहीच नसेल, तर कमेंटमध्ये विचारायला हरकत नाही: "टायरात काय भरलंय?"